गाविलगडच्या कड्यापासून तापीपर्यंत

पहिला दिवस : अचलपूर, परतवाडा, चिखलदरा

वऱ्हाडच्या मैदानातून उत्तरेकडं पाहिलं की सातपुडा भिंतीसारखा दिसतो. चढउतार नाहीत, पुढं आलेल्या टेकड्या फारशा नाहीत. कपाशी, तूर, संत्र्याचे बगीचे संपतात आणि तिथंच डोंगर सरळ उभा राहतो. याचं कारण जमिनीच्या पोटात आहे. गाविलगडच्या रांगेचा दक्षिण पायथा एका मोठ्या प्रस्तरभंगावर, म्हणजे खडकांच्या थरांतल्या भेगेवर, आहे. भंगाच्या उत्तरेला बेसॉल्टचे थर उचलले गेले आणि दक्षिणेला पूर्णा नदीनं आपला गाळ साठवला. परतवाडा-बैतूल रस्त्यावरच्या बहिरमच्या आसपास याच रेषेवर बेसॉल्टहून कितीतरी जुने गोंडवनी खडक उघडे पडलेत. हिवाळ्यात बहिरमबुवाच्या जत्रेला अर्धा वऱ्हाड लोटतो, तो याच रेषेवर.

माझे आतेभाऊ धारणी तालुक्यात बरीच वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. निवृत्तीनंतर त्यांनी मला मेळघाट दाखवायचं कबूल केलं होतं. दिवाळी आटोपली तसे निघालो. दादांना मी आधीच सांगितलं होतं, वाघ दिसला तर दिसला. मला पाहायचंय ते हे, की वऱ्हाड कुठं संपतं आणि मेळघाट कुठं सुरू होतो. नकाशात अमरावती जिल्ह्याची हद्द उत्तरेला तापीच्या बाजूनं काढली आहे. माणसांची हद्दही तिथंच आहे का?

अचलपुरात थांबलो. वऱ्हाडच्या इमादशाहीची ही राजधानी. त्याआधी, तेराव्या शतकात, चक्रधरस्वामींचा वावर या गावात होता. इथून पूर्वेला रिद्धपूर. मराठी गद्याचा पाया जिथं घातला गेला, ते महानुभावांचं गाव. आता मराठी भाषा विद्यापीठही तिथंच झालं आहे. डोंगराच्या पायथ्याचा हा पट्टा मराठीचं जुनं घर आहे, हे मनात ठेवून पुढचं पाहायला हवं. चहाच्या टपरीवर एका आजोबांनी विचारलं, "कोठी चाल्ले जी?" चिखलदरा म्हटल्यावर म्हणाले, "वरती थंडी लय पडून राह्यली, सोयटर घ्या बापा." वरती. अचलपूर-परतवाड्याची माणसं डोंगराला नेहमी 'वरती' म्हणतात.

परतवाड्याहून मुक्तागिरीला जाऊन आलो. बावन्न जैन मंदिरं, मधून कोसळणारा धबधबा. यात्रेकरू परतवाड्याहून जातात, पण क्षेत्र मध्य प्रदेशात, बैतूल जिल्ह्यात. पायऱ्यांवर मराठी आणि हिंदी सारख्याच सहज कानावर येतात. राज्याची हद्द ओलांडल्याचं इथं एका पाटीवरून तेवढं कळतं.

दुपारनंतर धामणगाव गढीवरून घाट चढलो. पहिल्या काही वळणांतच संत्री मागं पडली आणि सागवान सुरू झालं. माथ्याजवळ मोथा हे गवळ्यांचं गाव. म्हशींचे गोठे, खव्याचा वास, आणि अलीकडं स्ट्रॉबेरीचे वाफे. चिखलदऱ्याला कॉफीही होते. मैदानाच्या जवळजवळ दुप्पट पाऊस आणि हजार मीटरहून अधिक उंची, म्हणून हे सगळं शक्य. खाली अंगात घाम होता, वर दादांनी शाल काढली.

दुसरा दिवस : गाविलगड आणि वैराट

गाविलगडावर पूर्ण दिवस द्यावा. आम्ही सकाळी लवकर शिरलो आणि तरी सगळं पाहून झालं नाही. १४२५ च्या सुमारास अहमदशाह वली बहमनीनं हा किल्ला बांधला. पुढं फतहुल्ला इमाद-उल-मुल्कनं तो वाढवला, सजवला. शार्दूल दरवाज्यावर हत्तींना पायाखाली दाबणारा सिंह कोरलेला आहे आणि दोन तोंडांचा पक्षी आहे, गंडभेरुंड. हे विजयनगरचं चिन्ह सातपुड्यात कसं आलं? फतहुल्ला जन्मानं विजयनगरच्या मुलुखातला ब्राह्मण मुलगा. लढाईत पकडला गेला, वऱ्हाडात वाढला आणि इथल्या घराण्याचा पहिला सुलतान झाला. कृष्णेपलीकडची आठवण त्यानं सातपुड्याच्या दारावर कोरून घेतली असावी, असं मला तिथं उभं राहून फार वाटलं. आत जामी मशिदीच्या कमानी अजून ताठ आहेत, देवतलावात पाणी आहे.

किल्ल्याची जागा मुद्दाम पाहण्यासारखी. तो पठाराच्या मध्यावर नाही, दक्षिणेच्या अगदी काठावर आहे. त्याचं तोंड मैदानाकडं. तीन बाजूंनी तुटलेले कडे, आणि उत्तरेच्या पठाराकडून एक अरुंद वाट. १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीला हे उमगलं होतं. २९ नोव्हेंबरला अडगावच्या लढाईत भोसल्यांचा पराभव झाल्यावर तो इथं आला. स्वतः दक्षिणेला थांबला आणि कर्नल स्टीव्हन्सनला डोंगर ओलांडून उत्तरेकडून पाठवलं. त्या फौजेनं जंगलातून तोफा माणसांच्या बळावर ओढत आणल्या. १५ डिसेंबरला भिंत फुटली. किल्लेदार बेनीसिंग लढताना पडला. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला.

त्या तहातलं एक कलम मला महत्त्वाचं वाटतं. वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाडचा सुपीक मुलूख रघूजी भोसल्यांच्या हातून गेला आणि निजामाकडं आला. पण गाविलगड आणि नरनाळा हे दोन किल्ले, ते ज्या डोंगरावर आहेत तो डोंगर आणि लगतचा थोडा मुलूख मात्र भोसल्यांकडंच राहिला. म्हणजे १८०३ साली तह लिहिणाऱ्यांनीही हद्द कड्यावर आखली होती. खाली एक राज्य, वर दुसरं. ती विभागणी पंधरावीस वर्षंच टिकली, पण ती ज्या ठिकाणी पडली ते ठिकाण उगाच निवडलेलं नव्हतं.

संध्याकाळी वैराटला गेलो. हे मेळघाटातलं सर्वांत उंच टोक, ११७० मीटरहून जास्त. इथली वस्ती व्याघ्र प्रकल्पासाठी हलवली, आता गवत आहे आणि वारा आहे. दादांनी मला आधी दक्षिणेला तोंड करून उभं केलं. एकदम तुटलेला कडा, खाली धुक्यात मैदान. मग उत्तरेला वळवलं. तिकडं कडा नाहीच. डोंगर एकामागून एक हळूहळू उतरत तापीकडं गेलेले. मेळघाटाची रचना समजायला ही एक जागा पुरेशी आहे. दक्षिणेला पाच-सात किलोमीटरांत संपणारा उतार, उत्तरेला दिवसभर चालूनही न संपणारा. म्हणून मैदानातला माणूस याला डोंगर म्हणतो आणि आत राहणाऱ्याला तो आपला मुलूख वाटतो.

पाण्याचंही असंच. दक्षिणेचं पाणी चंद्रभागा, शहानूर, सपन या नद्या पूर्णेला नेतात. उत्तरेचं खंडू, खापरा, सिपना, गडगा आणि डोलार या पाच नद्या थेट तापीला. तापी आणि पूर्णा दोघी बैतूल जिल्ह्यातच उगम पावतात, या डोंगराला दोन्ही बाजूंनी वळसा घालतात आणि जळगाव जिल्ह्यात चांगदेवला एकमेकींना मिळतात. वैराटवर पडलेला पाऊस कुठल्याही बाजूला वाहिला तरी शेवटी तापीच होतो. पण वाटेत त्याचं नशीब वेगळं असतं. पूर्णेच्या खोऱ्यात तो खारपाण पट्ट्यातून जातो, जिथं विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही.

तिसरा दिवस : सेमाडोह

चिखलदऱ्याहून सेमाडोहचा रस्ता उत्तर उतारावरचा. साग, ऐन, धावडा, तिवस, मधे बांबूची बेटं. १९७३ ला व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ जंगलांत मेळघाट होता. कोलकासला सिपनेच्या वळणावर वनखात्याचं विश्रामगृह आहे, तिथून नदी पाहत तासभर बसलो. गव्यांचा कळप पलीकडच्या काठावर आला, पाणी प्याला, गेला. रानपिंगळा दिसावा अशी फार इच्छा होती. शंभराहून अधिक वर्षं नाहीसा समजला गेलेला हा छोटा घुबडाचा भाईबंद १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडला आणि नंतर मेळघाटातही. आम्हाला दिसला नाही.

दुपारी दादा मला त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या गावी घेऊन गेले. कोरकू गाव लांबूनही ओळखता येतं. एक सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना घरांची एकेक रांग, दारं समोरासमोर. कुडाच्या भिंती पांढऱ्या मातीनं सारवलेल्या. वऱ्हाडातल्या गावासारखे बोळ नाहीत, वाडा नाही, वेस नाही. अंगणात कुटकी, इथलं बारीक धान्य, वाळत होती. गावाबाहेर मुठवा देव, दगडाचा. आणि एका झाडाखाली सागाचे कोरीव खांब, चंद्र-सूर्य आणि घोडेस्वार कोरलेले. यांना मुंडा म्हणतात. घरातलं माणूस गेल्यावर सिडोलीचा विधी करून त्याच्या नावाचा मुंडा रोवतात. जुने खांब पावसानं करडे झालेत, कोरीव काम बोटानं चाचपावं लागतं. मी हात लावला नाही, दादांनी आधीच सांगितलं होतं.

विद्यार्थ्याची आई आमच्याशी हिंदीत बोलली, मुलाशी कोरकूत. मराठी तिला समजते, बोलायला संकोच. मला राहवलं नाही, मी अंक विचारले. मिया, बारिया, आफई, उफुन. रांचीकडचा मुंडारी माणूस म्हणतो मियाद, बारिया, आपिया, उपुनिया. कोरकू ही मुंडा भाषाकुळातली, संथाली आणि हो या भाषांची बहीण. मधे शेकडो किलोमीटरांचा छत्तीसगड, मधे गोंडी, मधे हिंदीच्या बोली. आणि ही भाषा सगळ्यांत पश्चिमेला, सातपुड्याच्या कुशीत एकटी उरलेली. २०११ च्या जनगणनेत सात लाखांहून अधिक लोकांनी ती आपली म्हणून नोंदवली. त्यांतले बरेचसे तापीपलीकडं, मध्य प्रदेशात.

रात्री शेकोटीपाशी त्या घरच्या आजोबांनी उत्पत्तीची गोष्ट सांगितली, विद्यार्थी मराठीत सांगत गेला. विंध्य-सातपुडा माणसांवाचून ओस पडला होता, म्हणून रावणानं महादेवाला विनवलं. महादेवानं कावळ्याला लाल माती शोधायला धाडलं. त्या मातीचे एक पुरुष, एक बाई घडवले. इंद्राच्या घोड्यांनी ते तुडवले. मग महादेवानं आधी कुत्रे घडवले, त्यांनी घोडे हाकलले, आणि मुला-मुलाई उभे राहिले, कोरकूंचे आद्य आईबाप. या डोंगरात रावणाचा आणि मेघनाथाचा मान आहे. होळीनंतर काटकुंभ, जारिद्याला मेघनाथाची यात्रा भरते. उंच खांब रोवून त्याची पूजा होते. खाली मैदानात दसऱ्याला रावण जाळतात. ते अंतर घाटाच्या वळणांनी मोजता येत नाही.

चौथा दिवस : हरिसाल, धारणी आणि घुंगरू बाजार

हरिसालवरून धारणीला पोचेपर्यंत जंगल विरळ होत गेलं. धारणीच्या आसपास शेतं आहेत, सोयाबीन निघालेलं, तूर उभी. न्याहारीला पोहे, त्यावर शेव, शेजारी जिलेबी. दुकानाच्या पाट्या मराठीत, भाव हिंदीत. त्या हिंदीतही निमाडी हेल. बऱ्हाणपूर आणि खंडवा इथल्या लोकांना अमरावतीइतकेच जवळचे. व्यापारी माल तिकडून येतो, सोयरिकी तिकडं होतात.

आमचं नशीब असं की दिवाळीनंतरचा घुंगरू बाजार होता. मेळघाटात दिवाळीनंतरच्या आठवडी बाजारांना हे नाव आहे. गावोगावची गुरं राखणारे गोंड या दिवसांत बाजारात नाचत येतात, त्यांना थाट्या म्हणतात. पायांत आणि कमरेला घुंगरं, ढोल, बासरी. वर्षभर ज्यांची गुरं राखली त्या कोरकूंच्या दुकानादुकानापुढं, पालापालापुढं नाचतात आणि लोक आनंदानं पैसे देतात, धान्य देतात. सकाळी अकराला पहिला ढोल वाजला, दुपारी दोनला अख्ख्या बाजारात दुसरं काही ऐकू येत नव्हतं. धुळीत उभी राहून मी तासन् तास पाहत राहिले.

त्या गर्दीत कोण कोण होतं, ते सांगायलाच हवं. नाचणारे गोंड, त्यांची मूळची गोंडी द्राविड कुळातली. इथल्या नाचणाऱ्यांच्या तोंडी मात्र मला हिंदी आणि कोरकूच ऐकू आली. पाहणारे कोरकू, मुंडा कुळाचे. खवा-तूप घेऊन आलेले गवळी. मसाले आणि कापड विकणारे निमाडी हिंदी बोलणारे. बांगड्या विकणारी परतवाड्याची बाई, अस्सल वऱ्हाडी. एका बाजारात तीन भाषाकुळं. चौथीही फार दूर नाही. धारणीच्या पश्चिमेला, बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोदच्या बाजूला, निहाल लोक निहाली बोलतात. ती कुठल्याच कुळात बसत नाही, जगात तिची नातलग भाषा अजून कुणाला सापडलेली नाही. बोलणारे दोन-अडीच हजार उरले असतील. मराठी, गोंडी, कोरकू, निहाली. भारतात इतक्या थोड्या जागेत चार इतक्या परक्या वंशांच्या भाषा शेजारीशेजारी नांदतात, याचा मराठी माणसाला अभिमान वाटायला हवा. शाळेच्या पुस्तकात याची एक ओळ तरी असावी, असं मला मनापासून वाटतं.

दादांनी त्यांचा अनुभव सांगितला. पहिलीत येणाऱ्या कोरकू मुलाच्या कानावर तोवर मराठी पडलेलीच नसते. घरी कोरकू, बाजारात हिंदी. पहिली दोन वर्षं ते वर्गात गप्प असतं आणि नवा शिक्षक त्याला ढ समजतो. दादा स्वतः कोरकू शिकले तेव्हा वर्ग बोलायला लागला.

पाचवा दिवस : बैरागड आणि तापी

बैरागडची वाट खडबडीत. या गावी डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी आयुष्य घातलं, २०१९ मध्ये दोघांना पद्मश्री मिळाली. १९९० च्या दशकात मेळघाटाचं नाव महाराष्ट्राला कळलं ते कुपोषणानं मेलेल्या मुलांमुळं. आजही पुण्या-मुंबईत मेळघाट म्हटलं की तेच आठवतं. त्या दुःखाची जाणीव राहायलाच हवी. पण इथल्या लोकांना इथलं एवढंच ओळखलं जातं याचा त्रास होतो, हे धारणीत अनेकांनी बोलून दाखवलं.

पुढं तापी. हिवाळ्यात पाणी उथळ, खडकांतून वाट काढणारं. नकाशात जी रेघ मी लहानपणापासून पाहत आले, ती इथं अशी दिसते : एक बाई डोक्यावर गाठोडं घेऊन पाण्यातून चालत इकडं आली, तिच्यामागं दोन मुलं. माहेरी दिवाळी करून परतत होती. माहेर मध्य प्रदेशात, सासर महाराष्ट्रात, दोन्हीकडं कोरकू. पलीकडच्या काठावर तेच सागवान, तशीच दोन रांगांची गावं, तोच मुठवा देव. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार राज्यरचना झाली तेव्हा तेव्हाच्या मध्य प्रदेशातून वऱ्हाड वेगळं होऊन मुंबई राज्यात आलं आणि वऱ्हाडचा तालुका म्हणून मेळघाटही आला. मराठी आणि हिंदीची वाटणी झाली. जे दोन्हीपैकी काहीच बोलत नव्हते, त्यांच्या मधून रेघ गेली.

या रेघेचा काच कागदोपत्री जाणवतो. अनुसूचित जमातीचा दाखला मूळच्या राज्याशी बांधलेला असतो. खंडवा जिल्ह्यातली कोरकू मुलगी लग्न होऊन धारणीत आली की तिची जमात तीच, देव तेच, भाषा तीच. पण महाराष्ट्रातल्या सवलतींसाठी ती परराज्यातली ठरते. दादांच्या ओळखीच्या एका सुनेला अंगणवाडीच्या कामासाठी अर्ज करताना हेच आडवं आलं. दोन्ही राज्यांनी निदान तापीच्या दोन काठांपुरता यावर विचार करावा.

अखेरचा दिवस : अकोटकडं उतरताना

परतीला हरिसालहून अकोटचा जंगलातला रस्ता धरला. पश्चिमेला अकोला-खंडवा मीटरगेज रेल्वे होती. धुळघाटजवळ ती वर्तुळ घेऊन स्वतःच्याच रुळांवरून जायची, चढ सोसण्यासाठी. २०१७ च्या जानेवारीत गाडी बंद झाली. नवी ब्रॉडगेज जंगलाबाहेरून नेण्याचा आग्रह वन्यजीवांसाठी काम करणाऱ्यांनी धरला, आणि मला तो रास्त वाटतो. पण डाबका, तुकईथडच्या माणसाला अकोल्याच्या दवाखान्यात नेणारी स्वस्त गाडी गेली, तिची जागा अजून कुणी भरून काढलेली नाही.

नरनाळ्याचा महाकाली दरवाजा पाहिला. १४८७ चा, फतहुल्लाचाच, शिलालेखासह. कोरीव काम इतकं नाजूक की किल्ल्याचं दार आहे हे विसरायला होतं. हाही किल्ला काठावरच, हाही मैदानाकडं पाहणारा.

खाली उतरल्यावर अकोट-तेल्हाऱ्याच्या सपाटीत डोंगरातून हलवलेली गावं आहेत. बोरी, कोहा, कुंड ही आधी उठली, मग इतर. काही गावांचे लोक वैतागून परत वर गेले होते, संघर्षही झाला. अशाच एका वस्तीत आम्ही थांबलो. दादांनी कोरकूत हाक दिली तशी एक म्हातारी बाहेर आली. "माय, कसं आहे इथं?" मी विचारलं. नातू म्हणाला, "रस्ता हाय, लाइट हाय, दवाखाना जवळ हाय." त्याची मराठी पक्की वऱ्हाडी. म्हातारी कोरकूत बराच वेळ बोलली. दादांनी सांगितलं : इथल्या काळ्या जमिनीत कुटकी येत नाही, मोह नाही, डिंक नाही, सरपण विकत. पाणी मचूळ. नातवाला कोरकू कळते पण तो उत्तर मराठीत देतो. होळीला सगळं गाव वर जातं, मेघनाथाला.

माझ्या प्रश्नाचं उत्तर मला या वस्तीत मिळालं. ही माणसं ना राज्याबाहेर गेली, ना जिल्ह्यापासून फार लांब. फक्त कडा उतरली, आणि एका पिढीत भाषा, पीक, पाणी सगळं बदललं. तापी ओलांडून आलेल्या त्या बाईचं यातलं काहीच बदललं नव्हतं.

होळीनंतर, फगव्याच्या दिवसांत, काटकुंभला जायचं आम्ही ठरवलं आहे. म्हातारीच्या नातवानं आपल्या गावकऱ्यांबरोबर गाडीत जागा धरून ठेवतो म्हणून सांगितलंय. तोवर मी दादांकडून रोज फोनवर थोडी थोडी कोरकू शिकते आहे, आणि जळगाव जामोदच्या बाजूला निहाल वस्तीत ओळख असलेला एखादा शिक्षक शोधते आहे. कुणाला माहीत असेल तर जरूर कळवावं.